नुरिलाअपाईचे हात

नुरिलाअपाईचा राग शिळा होत नाही. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला अपाई म्हणतात. पावाच्या कारखान्यातली तिची मुकादम बाई चौऱ्याहत्तर साली तिला एकदाच हसली होती. पुढे ती बाई वारली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अपाई गेली, दोन वाडगे शोरबा प्यायली, पण मेलेलीबद्दल एक बरा शब्द काढला नाही. हसण्याचं कारण इतकंच, की खाणवाल्यांच्या नाट्यगृहात संगीत मध्येच थांबलं तेव्हा अपाईने एकटीनेच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानंतर तिने रेडिओला कान लावून एकेक रचना पाठ केली. कुठे वादक नुसता दम घेतात आणि कुठे खरंच संपतं, हे तिला वादकांपेक्षा पक्कं ठाऊक झालं. हळूहळू गावालाही ते कळलं. सातव्या रांगेत कडेच्या खुर्चीत अपाई बसायची आणि सातशे माणसांचा एक डोळा तिच्या हातांवर असायचा. तिने वाजवली की सगळे वाजवणार. जन्मभर कणीक मळलेले ते तळवे. पहिली टाळी फळी आदळल्यासारखी घुमायची.

मग नाट्यगृह दुरुस्तीला काढलं. चार वर्षं अपाई बाजारातून येताना मुद्दाम वळसा घालून यायची आणि खांबांना पुन्हा पांढरा रंग कधी चढतोय ते बघायची. अखेर उघडायची तारीख लागली. ती तिकिटाच्या खिडकीशी गेली, तर सातवी रांग पाहुण्यांसाठी राखीव. नवा संचालक मक्सूत तिथेच उभा होता.

"अपाई, टीव्हीवाले येणारेत," तो म्हणाला. "पुढे जरा बघण्यासारखी माणसं लागतात. तुम्ही वर गॅलरीत बसा ना, वर ऐकायला छान येतं."

"बरं हो, बाळा," अपाई म्हणाली.

हे 'बाळा' ऐकलं आणि आम्हा शेजाऱ्यांना कळलं, की मक्सूतचं आता काही खरं नाही.

नाट्यगृहात कोट सांभाळणारी इर्मा त्या संध्याकाळी चहाला आली होती. तिने समजूत घालून पाहिली, की एका खुर्चीसाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं. अपाई तळलेल्या बाउरसाक पावावर जॅम थापत म्हणाली, "खुर्ची ठेव म्हणावं उरावर. माझ्याकडे हात आहेत." मक्सूत सगळ्यात ताठ उभा असेल तेव्हाच त्याचं हसं व्हायला हवं, एवढंच तिला हवं होतं.

आणि योगही तसाच. पहिल्या कार्यक्रमात मक्सूत स्वतः वादकांपुढे उभा राहून छडी धरणार होता. त्याने निवडलेल्या रचनेच्या शेवटच्या भागात सगळी वाद्यं गर्जतात आणि धाडकन थांबतात. नवख्याला वाटावं, संपलं. खरा शेवट अजून पाच मिनिटं लांब असतो.

अपाई गॅलरीत पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसली. वाद्यं गर्जली, थांबली, मक्सूतचे दोन्ही हात हवेत. आणि वरून फळी आदळली. एकदा, दोनदा, तीनदा.

तो आवाज ओळखीचा. सातशे माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जिल्ह्याचे प्रमुख अकिमसाहेब सत्कार करायला पहिल्या रांगेत तयारीतच होते. ते थेट रंगमंचावर चढले. त्यांनी मक्सूतच्या अंगावर मानाचा लांब मखमली झगा, चापान, चढवला, डोक्यावर कोल्ह्याच्या केसांची टोपी घातली, छोटंसं म्हणता म्हणता भलंमोठं भाषण केलं आणि येऊन खुर्चीत बसले. ढोलवाला तेवढा वेळ काठ्या उगारून उभाच होता.

आता पाच मिनिटं उरलेली. मानाचा चापान देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उतरवायचा, तर त्यापेक्षा गाव सोडलेलं परवडलं. म्हणून मक्सूतने तो घालूनच छडी उचलली. बाह्या हातांपेक्षा वीतभर लांब. छडी आत हरवली. टोपी भुवयांवर उतरली. दोन बाह्या फडफडत होत्या आणि वादक अंदाजाने वाजवत होते. आधी बासरीवाली हसली, मग तिसरी रांग, मग कॅमेरा धरणारा. अपाई कठड्यावर कोपरं टेकून सगळं डोळे भरून बघत होती.

शेवटी खरोखरच संपलं. पण एकदा तोंडघशी पडलेली सातशे माणसं आता हात उचलायला तयार नव्हती. सगळ्यांच्या माना गॅलरीकडे वळल्या. मक्सूतही वळला, बाहीने टोपी मागे सारून वर बघत राहिला. अकिमसाहेब वर बघत होते.

अपाई सावकाश उठली. तिने पिशवीतून लोकरीचे जाड हातमोजे काढले, बोटन् बोट नीट बसवून चढवले. आणि मग मक्सूतच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने टाळ्या वाजवल्या, अगदी भरभरून. खाली एकही पोचली नाही.