पाठीवरचा निळा डाग

थोरली बेकरीत पाव भाजायची. जिभेने फटकळ, पण पोटात काही नाही. धाकटी बहीण शेजारच्याच खोलीत राहायची. दोघीही परदेशातून लग्न होऊन या शहरात आलेल्या. इथल्या लोकांच्या मानाने रंगाने सावळ्या.

एकदा पाळणाघरातल्या बाईंनी धाकटीच्या तान्हीचे कपडे बदलताना पाठीवर कमरेपाशी निळसर डाग पाहिला आणि बालकल्याण खात्याला फोन केला. धाकटी लेकीला न्यायला गेली, तर खात्याची माणसं लेकीला घेऊन गेलेली. ती तशीच खात्यात धावली.

"मार नाही हो, जन्मखूण आहे ती," तिने तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं.

"तुमच्या लोकांत मुलांवर हात उचलतात, आम्हाला माहीत आहे," तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या. आणखीही बरंच बोलल्या. धाकटीला त्यातलं निम्मं कळलं नाही. घाबरून तिने मान डोलावली, आणि तीच कबुली धरली गेली.

थोरली म्हणाली, "काय रडायचं ते आजच रडून घे. उद्या वेळ मिळायचा नाही."

ती आपल्या देशाकडच्या लोकांच्या वस्तीत दारोदार फिरली. कळलं, आणखी दोन घरांवर हीच वेळ आली होती. लाजेपोटी कुणी ब्र काढला नव्हता. वस्तीतली एक निवृत्त नर्स दोन्ही भाषा बोलायची. तिला आणि कडेवर बाळं घेतलेल्या बायांना घेऊन थोरली खात्यात धडकली.

"एकाच कुटुंबाला आत येता येईल," अधिकारी बाईंनी अडवलं.

"आम्ही एकाच कुटुंबातल्या. बाळांच्या पाठी बघा, खूण पटेल!"

नर्सने शब्द न शब्द भाषांतर करून सांगितला. बायांनी झबली वर केली. बऱ्याच पाठींवर तसाच निळा डाग. अधिकारी बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पाहून जन्मखूणच असल्याचं सांगितलं, आणि तान्ही आईकडे परत आली.

पण धाकटीने धसका घेतला. दाराची बेल वाजली की लेकीला छातीशी धरायची. कितीतरी दिवस नर्स रोज येऊन नुसती तिच्यापाशी बसायची, आपल्या भाषेत इकडचंतिकडचं बोलायची. हळूहळू धाकटी सावरली.

तेव्हापासून वस्तीतल्या कुणालाही खात्याचं बोलावणं आलं, की थोरली आणि नर्स सोबत जातात.

"तुम्ही यांच्या कोण?" खात्यातले विचारतात.

"मावशी."

"कोणाची?"

"आज या बाळाची."

आता एखादे साहेब कारवाईआधी नर्सला विचारतात; सगळे नाही. खात्याने धाकटीची माफी मात्र अजून मागितलेली नाही. थोरली प्रत्येक खेपेला त्यांना ती मागायला सांगते, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.