बोटं कितला शेतस?

डोळ्यावरची पट्टी सोडवली की भाऊ हात पुढे करून विचारीत, "बोटं कितला शेतस?" समोरची म्हातारी "तीन" म्हणाली की हात खाली घेऊन ते पुढच्या खाटेकडे वळत. शाबासकी नाही, भाषण नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांसाठी त्यांची संस्था दर माघात नेत्रशिबिर भरवी. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर तेथील नावनोंदणी मी पत्करली.

याच कामावर लोकांनी त्यांना खासदार केले. निवडून आल्यावर समाजसेवकाचा हात नमस्कारातच अडकून पडतो, हे तुम्हीही पाहिले असेल. भाऊंची बोटे दिल्लीलाही गेली. एका मंत्र्याचे लांबलचक उत्तर संपताच ते उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, मी तीन प्रश्न विचारले होते. मंत्रिमहोदयांना कितला दिसले?" सभागृह हसले. इकडे चोपडा गावात दूरचित्रवाणीसमोर आम्हीही हसलो. तिन्ही उत्तरे पुढे लेखी आली.

दुसऱ्या निवडणुकीच्या आधी, दिवाळीत, पक्षाचे बडे नेते जिल्ह्यात यायचे होते. उमेदवारी त्यांच्याच हाती होती. पक्षाचा जिल्हाध्यक्ष संस्थेच्या खोलीत येऊन बसला.

"भाऊ, औंदा शिबिर दिवाळीतच घ्या. साहेबांना गर्दी दिसू द्या."

"वेचणी चालू शे."

"चालू द्या की!"

"ऑपरेशन झालेली बाई घरी बसणार नाही. दुसऱ्या दिवशी शेतात वाकून कापूस वेचील. डोळा गेला, तर तुझा देशील?"

"मग तिकीट गेलं समजा."

भाऊ माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमचं काय म्हणणं?"

मी जिल्हाध्यक्षाच्या बाजूने बोललो. पायथ्याच्या सरकारी दवाखान्यात कायमची शस्त्रक्रियेची खोली व्हावी, म्हणून भाऊंचा दिल्लीत पाठपुरावा चालू होता. त्याला आणखी पाच वर्षे हवी होती. माझा हिशेब चुकीचा नव्हता. पण कापसाच्या शेतात मी कधी वाकलो नव्हतो.

भाऊंनी ऐकून घेतले. "माघातच," एवढेच म्हणाले.

शिबिर माघात झाले. तिकीट दुसऱ्याला मिळाले.

पुढच्या माघात भाऊ खासदार नव्हते. आदल्या वर्षी एक डोळा झालेली पाड्यावरची आजी दुसऱ्यासाठी आली होती. पट्टी सुटली.

"आजी, बोटं कितला शेतस?"

"तीन. पण भाऊ, तुमनी ती मोठी गाडी कोठे शे?"

"गाडी गयी. बोटं शेतस."

खोलीभर हशा पिकला. भाऊ पुढच्या खाटेकडे वळले होते.

ती शस्त्रक्रियेची खोली अद्याप झालेली नाही. तो अर्ज आता मी करतो. भाऊंना जाऊन वर्ष होत आले.

यंदाही शिबिर वेचणीनंतरच भरले. पट्ट्या सोडवायच्या वेळी सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पहिल्या खाटेपाशी गेलो आणि हात पुढे केला.

म्हातारीने बराच वेळ निरखले.

"तीन," ती म्हणाली. "पण थरथरतस."