हितनं गाडी दिसती

मी एका बापाला त्याच्या लेकीच्या घरचं जेवण खाऊ घातलं, पाणी पाजलं, आणि वर तोंड करून विचारलं, "कसं आहे?"

आमच्या भोर-वेल्ह्याकडचा माणूस एवढं वाचूनच कपाळावर हात मारेल. बाकीच्यांसाठी सांगतो. लेक दिली की तिची कूस उजवेपर्यंत, म्हणजे नातवंड होईपर्यंत, बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. आता ती कुणी पाळत नाही. माझ्या सासऱ्यांनी तर लग्नाचा मांडव उतरायच्या आत आमच्याकडे बसून मटणाचा रस्सा भुरकला होता. पण डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर काही जुनी खोडं अजून आहेत. त्यांतलंच एक खोड माझ्या मालाचा टेम्पो चालवायचं.

माझं पंप आणि मोटारींचं दुकान नसरापुरात, घर भोरला. पुण्याहून माल आणायचा तो या गृहस्थांच्या टेम्पोतून. ते वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून भल्या सकाळी निघायचे आणि मला चौकातून उचलायचे. सगळी बाजारपेठ त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो. ते मला शेट म्हणायचे. त्यात मान किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी कळलं, पण ते शेवटी सांगतो.

मामांची एक लकब होती. हॉटेलच्या दारात आलं की माणूस आत बघतो. कोण काय खातंय, टेबलं पुसलीत का, पंखा कुठं आहे. मामा दाराच्या चौकटीला हात लावायचे आणि पाठमोरे होऊन रस्त्याकडे बघायचे. मग एक टेबल निवडायचे आणि म्हणायचे, "हितं बसू. हितनं गाडी दिसती."

गाडी दिसली नाही तर उठायचे. मग आत अमृत वाढत असेना का.

आता पुण्यात दुपारी कुठं जेवावं आणि काय प्यावं, या विषयात मी स्वतःला जाणकार समजतो. हॉटेलातून बाहेर पडता पडता मी मोबाईलवर त्याला तारे देतो. अशा माणसाला "गाडी दिसती का" या एका कसोटीवर रोज जेवायला लागावं, याचं दुःख तुम्हाला समजेल.

एकदा मी हट्टानं त्यांना एका नव्या ठिकाणी नेलं. वरच्या मजल्यावर, थंडगार. तिथं पदार्थांची यादी मागितली तर पोऱ्यानं टेबलावरचा चौकोन दाखवला आणि मोबाईल धरायला सांगितलं. मामा म्हणाले, "मोबाईल बघून प्वाट भरतं व्हय?" मी सरबत मागवलं. ते काचेच्या बरणीत आलं आणि बरणीतून पांढरा धूर निघत होता. तो शोभेचा असतो, हे मला माहीत होतं. मामांना नव्हतं. त्यांनी समोरची पाण्याची बाटली उघडली आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत सगळी बरणीत ओतून आग विझवली. आजूबाजूची कॉलेजातली पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली. मामा शांतपणे उठले. "चला. हितनं गाडी बी दिसत न्हाई."

मग आम्ही नेहमीच्याच हॉटेलात गेलो.

ते नेहमीचं हॉटेल म्हणजे पुण्यातल्या यच्चयावत हॉटेलांतलं शेवटचं. तिथली पोळी मोटारीच्या पाइपाला पॅकिंग म्हणून लावली असती तर थेंब गळला नसता. भाजी कसली, हे वाढणाऱ्यालाही विचारावं लागे. एकच गोष्ट बरी होती, जादा रस्सा फुकट मिळायचा. आणि फुकट म्हटलं की मी तो पुन्हा पुन्हा मागायचो. मामा रस्त्याकडे तोंड करून बसायचे, मी त्यांच्यासमोर. म्हणजे त्यांना रस्ता दिसायचा आणि मला हात धुवायचं बेसिन.

टेम्पो ते रस्त्याच्या पलीकडे लावायचे. अलीकडे जागा असली तरी पलीकडेच. तिथं एक खिडकी होती, 'घरगुती जेवण' अशी पाटी, आणि पुढं विद्यार्थ्यांची, हमालांची रांग. वास असा यायचा की फुकटच्या रश्शावरची वासना उडावी. मी कितीदा म्हणालो, "मामा, ती खानावळ बघू की एकदा."

"तिथनं गाडी दिसत न्हाई."

"अहो, गाडी तिच्या दारातच आहे!"

"दारातली गाडी आतनं दिसत न्हाई. जेवा गप."

मी गप जेवायचो.

पुण्याला जाताना मामांच्या केबिनमध्ये एखादी पिशवी असायची. कधी तांदूळ, कधी रानातली भाजी, कधी हुलगे. येताना ती रिकामी असायची. मी दुकानांतून फिरत असताना मामा काहीतरी किरकोळ विकतात, असा माझा समज. एकदा बोलता बोलता ते म्हणाले होते, "लेक पुण्यातच दिलीय." मी विचारलं, "कुठं?" म्हणाले, "हितंच. जवळ." मी म्हणालो, "बरंय," आणि कात्रजला भेळ खायची का, असं विचारलं. असा मी चौकस!

आता त्या दिवसाकडे येतो.

त्या दिवशी माल बराच होता. टेम्पो दुकानांमागच्या बोळात लावला होता आणि पाइप चढवणं चालू होतं. मामांना दोऱ्या आवळायच्या होत्या. ते म्हणाले, "शेट, आपल्या हाटेलातनं बांधूनच आणा." मी गेलो तर हॉटेलाला कुलूप. माझ्या जिभेनं देवाचे आभार मानले. रस्ता ओलांडून मी त्या खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिलो.

रांगेतल्या सगळ्यांना मेथीची भाजी आणि पोळ्या मिळत होत्या. माझा नंबर आला तेव्हा खिडकीवरच्या मावशी आत गेल्या, जरा वेळानं आल्या आणि एक झाकणाचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "ह्यात शेंगोळी आहे. डबा परत द्या." शिवाय फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि पाण्याची भरलेली बाटली. रांगेत मागचा एकजण कुरकुरला, "आम्हाला का नाही?" मी त्याच्याकडे दयेनं बघितलं. मला वाटलं, माझ्या तोंडावरून कळत असणार की हा जातिवंत खवय्या आहे.

हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी करून लसणाच्या रश्शात शिजवतात, ती शेंगोळी. आम्ही टेम्पोच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसलो. मामांनी विचारलं, "हे कुठनं आणलं?"

मला मस्करी सुचली. "आधी खा. मग सांगतो."

मामांनी भाकरी मोडली, घास घेतला. दुसरा घेतला. मग एक शेंगोळं बोटांत धरून उजेडात बघितलं. त्याचं एक टोक गोल होतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक शेपूट होतं, उंदराला असतं तसं.

मी उत्साहानं विचारलं, "कसं आहे?"

मामांनी मान वर केली. तोंडात घास तसाच. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. बोळाच्या तोंडाशी एक बाई उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. मामांच्या लेकीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तेच रुंद कपाळ, तीच एका बाजूला कललेली मान. म्हणजे ती खिडकी मामांच्या लेकीची!

तुम्ही कधी माणसाच्या तोंडात घास अडकलेला पाहिलाय का? म्हणजे घशात नव्हे, तोंडात. गिळावा तर इतकी वर्षं पाळलेलं मोडतं. थुंकावा तर लेकीच्या हातचं अन्न, आणि लेक समोर उभी. मामांचा जबडा हलेना. मोटर जाम झाली की नुसती गुरगुरते, तसा काहीतरी आवाज त्यांच्या छातीतून आला. माझ्या हातातली भाकरी खाली पडली ती मी उचललीही नाही.

ती म्हणाली, "आबा, पाणी प्या."

एवढंच. मामांनी तिच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग घास गिळला, बाटली उचलली आणि डोळे मिटून पाणी प्याले. खाली ठेवली तेव्हा बाटलीत थेंब नव्हता. ती पुढं आली, डबा उचलला आणि गेली. पाठ फिरवताना तिनं ओढणी तोंडाला लावली.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा गेला, टोल नाका गेला, मामा नुसते गिअर बदलत होते. मी असा माणूस की शांतता सहन होत नाही. म्हणालो, "मामा, मनाला लावून घेऊ नका. मी रोख देऊन विकत घेतलं. विकतचं म्हणजे ते काही लेकीच्या घरचं नाही झालं."

"मंग म्या कोन? तिचं गिऱ्हाईक?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नसरापूरचा चौक आला. मामांनी टेम्पो कडेला घेतला, पण इंजिन बंद केलं नाही.

"तिची आई गेली तवा एवढीशी व्हती," ते म्हणाले. "शेंगोळी म्याच शिकवली. मला गडी माणसाला वळाया कुठं येती? एका टोकाला शेपूट ऱ्हायाचं. ती बी तशीच शिकली." मग जरा थांबून म्हणाले, "बाप पानी पीत न्हाई तवर लेकीला वाटतं, आबा अजून वाट बघत्यात. आज पिलो. म्हंजे म्याच सांगितलं ना तिला, की बाय, आता न्हाई. आता सोडली आस." आणि माझ्याकडे वळून, "वर तुमी इचारताय, कसं हाय!"

मी उतरलो. माल उतरवून घ्यायचा असतो, हेही विसरून सरळ भोरच्या एस.टी.त जाऊन बसलो. दुकानातल्या माणसांना वाटलं, शेटला काहीतरी झालंय. झालंच होतं. घरी बायकोला सांगितलं तर ती ताटातला हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी कुणाचा खून करून आलोय.

मामा पुढच्या खेपेला येणार नाहीत, अशी माझी खात्री होती. आले. नेहमीसारखेच. पुण्यात त्यांनी टेम्पो या वेळी अलीकडे, हॉटेलाच्या दारात लावला. म्हटलं, आता लेकीच्या दारासमोर उभंही राहायचं नाही, असं ठरवलेलं दिसतंय. मामा उतरले, रस्ता ओलांडला आणि खानावळीत शिरले. आतल्या बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसले.

मी मागून पळत गेलो. "मामा, इथनं गाडी दिसत नाही."

"गाडीला काय बघायचंय?" मामा म्हणाले आणि आत बघून हाक दिली, "बाय, दोन पानं वाढ."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेसिनकडे तोंड करून इतकी वर्षं बसलो होतो ना मी!

मामा तिथं फार दिवस जेवले नाहीत. एका सकाळी मी चौकात टेम्पोची वाट बघत उभा होतो. टेम्पोऐवजी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. गाडी चालू करायला म्हणून केबिनमध्ये बसले होते, तिथंच मान टाकली. मी "हो, हो" म्हणत होतो आणि समोर रस्त्याकडेच बघत होतो, कारण एवढ्यात टेम्पो येईल असं पायांना वाटत होतं. वाडीवर गेलो तेव्हा गाडी अंगणात तशीच होती. पुढच्या सीटवर एक पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं. आत हुलगे.

आता मालाला दुसरा टेम्पो येतो. त्याचा ड्रायव्हर मोबाईल बघत कुठंही जेवतो. मी एकटाच त्या खानावळीत जातो. परवा गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती. ती समोर येऊन बसली. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांना मेथी होती. मला शेंगोळी कशी मिळाली?"

"तुम्हाला आतनं बघितलं की रांगेत. डबा कुणासाठी ते कळलंच," ती म्हणाली. "पीठ आबांनीच आणलेल्या हुलग्यांचं होतं. आमच्यापुरती केली होती, तीच भरली."

"पण का? रीत माहीत होती ना तुम्हाला?"

ती टेबलावरचे भाताचे कण गोळा करत राहिली. "डॉक्टरनं कधीच सांगितलं होतं, मूल नाही व्हायचं. आबांना कसं सांगणार? ते समोर बसून वाट बघायचे. मला इथनं दिसायचे ना. बापाला असलं तोंडानं सांगता येत नाही हो. मग डब्यातनं सांगितलं."

माझ्या तोंडात घास होता. तो काही केल्या खाली जाईना. म्हणजे मामांना वाटलं, आपण पाणी पिऊन लेकीला सांगितलं. आणि सांगत ती होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही. तुम्हाला तरी कधी म्हणाले, की समोरच्या हॉटेलात का बसतात?"

"म्हणाले की." ती पहिल्यांदा हसली. "मी सारखं विचारायची, आबा, तिथलं घाण जेवण का जेवता? तर म्हणायचे, 'काय करू बाय, आमच्या शेटला तोंडाला चवच न्हाई. त्याला तेच हाटेल लागतं.'"

मी उसळून म्हणालो, "आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"ठेवणारच. तिसऱ्यांदा रस्सा मागताना बघितलं होतं मी तुम्हाला."