शून्य माझ्या अक्षरातलं
आमच्या बेंगळुरूच्या शेती कार्यालयात आनेकलकडचा एक मराठी भातशेतकरी दर सुगीनंतर खर्चाचा तक्ता भरायला यायचा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा. बियाणं, खत, नांगरट सांगून झालं की तेच विचारायचा, "अण्णा, बायकोची लावणी, खुरपणी कुठं लिहायची?"

"घरच्या माणसाची मजुरी धरत नाहीत," म्हणत मी शून्य लिहायचो. तेवढ्यावर त्याचं भात नफ्यात यायचं आणि साहेब खूश व्हायचे.

त्र्याण्णवला त्याला फायद्याची शेती केल्याबद्दल शाल मिळाली. साहेबांनी माइकवर विचारलं, "नफ्याचं गुपित काय?"

तो हात जोडून म्हणाला, "घरी आहे, सर. स्वल्प कंबर धरलीय तिची, म्हणून आली नाही."

सगळे हसले. आज कबूल करतो, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.