मी न काढलेले चार दात

"मी खर्रा खात नाई. लिवलं ते खोडा."

लीलाबाईंनी केस पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. 'सवयी' या रकान्यात आमच्या सरांनी लिहिलं होतं: तंबाखू, खर्रा. खाली उपचार: वरचे पुढचे चार दात काढणे, सोमवारी.

मी तेव्हा दिग्रसमधल्या एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट डॉक्टर होते. दवाखाना सरांचा. ते सोमवारी आणि गुरुवारी यवतमाळहून येत, पेशंट तपासत, प्लॅन लिहीत. बाकीचे दिवस तो प्लॅन मी पार पाडायचा. प्लॅनवर शंका काढणं माझ्या कामात बसत नव्हतं. लीलाबाई गुरुवारी सरांना दाखवून गेल्या होत्या आणि शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या.

"मावशी, सरांनी विचारलं नव्हतं का तुम्हाला?"

"नाई विचारलं. तांड्यातली बाई, दात पिवळे, मंग खर्राच खात असन, असं समजले ते. दात दुखते म्हून मी काहीबी ऐकून घेऊ का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. खरं सांगायचं तर समजूत काढून परत पाठवावं एवढाच विचार होता. पण तोंडात आरसा घातला आणि मी थांबले.

खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, खाणाऱ्याचं तोंड आमच्या भागात रोज पाहायला मिळतं. दातांवर काळपट थर, हिरड्या मागे सरकलेल्या, गाल आतून पांढरट आणि ताठ. तोंड पुरतं उघडत नाही. लीलाबाईंचं तोंड छान उघडत होतं. हिरड्या गुलाबी. डाग एकही नाही. पण पुढचे दात आखूड झालेले, कडेला काचेसारखे पातळ. दाढांच्या माथ्यावर बारीक वाट्यांसारखे खळगे. दात पिवळे होते ते घाणीनं नव्हे. वरचं पांढरं कवच झिजून आतला पिवळा थर दिसत होता.

या कवचाला इनॅमल म्हणतात. आंबट पदार्थातलं आम्ल ते काही वेळ मऊ करतं. नंतर लाळ त्याला हळूहळू पुन्हा घट्ट करते. लाळेला तेवढी उसंत मिळाली नाही, तर कवच विरघळत जातं. त्याला इरोजन म्हणतात. कीड वेगळी, हे वेगळं.

"मावशी, दिवसभरात काय काय खाता?"

"भाकर, बेसन, भाजी. दोन टाइम च्या."

"लिंबू? चिंच? लोणचं?"

"कधीमधी."

"संत्री?"

"संत्रं मी खात नाई."

काही जुळेना. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून सलीमभाई आत डोकावले. ते संत्र्याचे व्यापारी. लीलाबाईंना त्यांनीच जीपमधून आणलं होतं.

"डॉक्टरसाब, कितना टाइम लगेगा? बोरी अरबकडे दोन बाग पाहाच्या आहेत. याडीच्या जिभेबिगर मी सौदा करत नाई."

याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. सलीमभाई त्यांना तसंच म्हणत. त्यांनीच मग सांगितलं. झाडावर माल असतानाच बाग विकत घेतात. कोणती बाग गोड, कोणती आणखी पंधरा दिवस थांबवायची, हे लीलाबाई ठरवतात. ओळीओळीनं फिरायचं, झाडाचं फळ फोडायचं, एक फोड तोंडात धरायची, चोथा थुंकायचा, पुढचं झाड. कच्च्या फळापासून सुरुवात. संत्र्याचे हंगाम दोन, अंबिया बहार संपला की मृग बहार. आजूबाजूच्या गावांत हे काम करणारी दुसरी बाई नव्हती.

"मावशी, तुम्ही तर म्हणालात संत्रं खात नाही!"

"खातच नाई. चाखतो. पोटात कुठं जाते ते?"

"आणि चाखल्यावर?"

"तोंड आंबट ऱ्हायलं तं दुसऱ्या बागेची गोडी कशी समजन? मंजन लावून खसाखसा घासतो. दिवसातून तीनचारदा."

सगळं समोर आलं. आम्लानं कवच मऊ व्हायचं आणि त्याच घटकेला खरखरीत मंजनानं बाई ते घासून काढायच्या. दातांची काळजी म्हणून.

सोमवारी सर आले. लीलाबाई खुर्चीत, ट्रेमध्ये इंजेक्शन भरलेलं नव्हतं.

"तयारी का नाही?"

"सर, हे तंबाखूचं नाही. इरोजन आहे. संत्र्यामुळे."

"संत्र्यामुळे? लोकांना फळं खा म्हणून सांगणारे आपण. या जिल्ह्यात किती वर्षं दात पाहतोय मी, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण हे चार मी काढणार नाही."

"मग कोण काढणार?"

"तुम्ही काढा. केस पेपरवर माझं मत मी लिहून ठेवीन."

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सर काही बोलणार, तोच खुर्चीतून आवाज आला.

"मी तोंडच उघडनार नाई. आधी ते खर्रा खोडा."

लीलाबाईंनी ओठ मिटले आणि हाताची घडी घातली. सरांनी पेन काढलं, ती ओळ खोडली, शेजारी सही केली. "आता उघडा."

ते बराच वेळ पाहत होते. दाढांचे खळगे दोनदा तपासले. "कोल्ड टेस्ट कर," म्हणाले. म्हणजे गार बोळा दाताला लावायचा. आतली नस जिवंत असेल तर झिणझिणतं. तीन दातांना लीलाबाई दचकल्या. चौथ्याला काहीच कळलं नाही.

"तीन जिवंत. चौथ्याचं रूट कॅनाल कर. बिघडलं तर तुझी जबाबदारी."

"चालेल सर."

मी जिंकले असं वाटलं, ते दहा मिनिटं टिकलं. कारण पुढे मी लीलाबाईंना म्हणाले, "आता चाखणं बंद करावं लागेल."

"काहून?"

"दात राहायचे असतील तर."

"माहं कामच सोडू? मंग दात कायले ठेवू, फोटोत हसाले? म्याडम, तुमी दात वाचवाचं सांगा. काम सोडाचं मले कोनीच सांगू नका."

काढून टाकू नका, वाचवा, हे मी सरांना ऐकवलं होतं; आता तेच माझ्या अंगावर आलं होतं. मी वही घेतली. प्रत्येक झाडाऐवजी ओळीतली दोन झाडं. प्रत्येक फोडीनंतर साध्या पाण्याची चूळ. आंबटानंतर तासभर घासायचं नाही. मंजन बंद, मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. दोन झाडं कमी पडतात म्हणून त्या अडल्या, चार करून घेतली. बदल्यात मीही चूळ दोनदा करून घेतली.

नस मेलेल्या दाताचं रूट कॅनाल केलं. चारही दातांवर दाताच्या रंगाचं फिलिंग चढवलं. दातांचा प्लास्टरचा साचा घेऊन कपाटात ठेवला. दोन बहारांनंतर नवा साचा घेऊन दोन्ही शेजारी ठेवले. झीज थांबली होती. लीलाबाई गार पाणी पीत होत्या आणि बागाही पाहत होत्या. सरांनी साचे हातात घेऊन पाहिले, "हं" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. ते पुरेसं होतं.

आज माझा स्वतःचा दवाखाना आहे. फळं खा, असंच मी सगळ्यांना सांगते. एका बैठकीत खा, दिवसभर तोंडात घोळवत बसू नका, वर चूळ भरा, ब्रशची घाई करू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मात्र आणखी एक सांगते. पेशंट भांडायला लागला की रागवायचं नाही. भांडताना तोंड उघडंच असतं, तेवढ्यात आत नीट पाहून घ्यायचं.