न बोलावता रिठदला

आमचा मुक्काम किती दिवसांचा, हे आमच्या हाती कधीच नसे. गवत सरलं की निघा, पाणी आटलं की निघा. कुणी रानात खतासाठी मेंढ्या बसवायला बोलावलं, तर त्याच्या ज्वारीवर जेवत चार रात्री थांबा. मी मात्र गावोगाव सांगायचो, आमचा कळप वाऱ्याला मागं टाकतो. सकाळी केनवडात केलेली दाढी किन्हीराजाला पोचेस्तोवर वाढतसुद्धा नाही!

त्या साली अवकाळी पाऊस चिकटला. काळ्या चिखलात मेंढ्यांची खुरं सडली. निम्म्या तर गुडघे टेकून चरू लागल्या, आणि त्याही गाभण. वाटेतल्या गावांनी आजारी कळप शिवारात टेकू दिला नाही.

बायको म्हणाली, "आता चालवलं तं पिलं वाटेतच पडतीन. रिठदच्या पाटलीणबाईले इचारा."

मीच विचारायचं! मागल्या वर्षी त्या बाईनं बोलावलं होतं आणि मी दोनच रात्रींत उठलो होतो. वर चारचौघांत बोललो होतो, हिच्या धुऱ्या-बांधावरचं गवत आमच्या मेंढ्यांच्या दाताला लागत नाही. किन्हीराजाच्या माळावर गवतात मेंढी शोधायला झाडावर चढावं लागतं.

बोलावणं नसताना कळप घेऊन दारी जाणं आमच्यात भीक मागण्यासारखं. तरी गेलो. देवापुढेही न उतरणारं मुंडासं हातात घेतलं.

पाटलीणबाई उडीद पाखडत होती. "काहून रे, किन्हीराजाचं गवत सरलं काय?"

"मेंढ्या लंगडून राह्यल्या, माय."

"अन् तुही जीभ?"

माझे कान एवढे तापले की वर भाकर भाजली असती.

"थे भी लंगडून राह्यली, माय," मागून बायको म्हणाली.

सूप ठेवून ती उठली. धुऱ्याजवळचा कोरडा उंचवटा दाखवला. "बसवा तिथं. माह्या बैलांच्या पाण्यावर नका आणू. पिलं चालती होईपर्यंत कोणी उठवनार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन तू गोष्टी नाही सांगाच्या."

एवढा लांब मुक्काम आम्ही कधी केला नव्हता. संध्याकाळी गावातली माणसं मुद्दाम धुऱ्यावर येऊन विचारत, "किन्हीराजाचं गवत किती उंच हाय गा?" मी खाली बघत निंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं खुरं धूत राही. आणि त्यांच्या देखत माझ्या मेंढ्या तेच आखूड गवत गुडघे टेकून खात होत्या.