समोरच्याची बाजू

निवृत्त मुन्सिफ होते ते. विधानसभेला दरवेळी अपक्ष उभे राहत आणि हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एकटेच, पायी मतं मागायला येत. सगळे त्यांना जज्जसाब म्हणत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे नुकताच केबल टीव्ही आला होता. ते घरात आले आणि तो बंद होईपर्यंत चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आधी समोरच्या उमेदवाराची बाजू ऐका. तो गैरहजर आहे, म्हणून मीच मांडतो."

आणि खरंच मांडली. त्यानं गल्लीत नळ आणला, कुणाच्याही मयतीला तो सगळ्यांच्या आधी पोचतो. स्वतःबद्दल एवढंच बोलले, "मी प्रामाणिक आहे. त्याला साक्षीदार मात्र कुणी नाही."

आईनं चहा पुढे केला. त्यांनी कप हळूच मागे सारला. "नक्को बाई. निकाल लागेपर्यंत पक्षकारांकडचं काही घेत नाही."

ते सपशेल पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हसत दारात हजर. "आता चहा चालेल."

मला राहवलं नाही. आमची चारही मतं त्या दुसऱ्याला गेली, हे मी कबूल करून टाकलं. बशीत फुंकर घालत ते म्हणाले, "हौ, म्हणजे त्याची बाजू मी बरी मांडली." आणि खुशीत आणखी अर्धा कप मागितला.

पुढच्या निवडणुकीला मी आईला म्हटलं, या खेपेला जज्जसाबांनाच मत देऊ.

आई म्हणाली, "आणि निवडून आले तर? मग कुठले यायला चहाला."